धारेचा धडा

"मूठ सैल सोड! धुणं पिळतेयस का गं?" म्हातारी खेकसली आणि म्हशीनं लाथ झाडली. बादली घरंगळत शेणात गेली. सुनेनं ती उचलली, धुतली, पुन्हा उकिडवी बसली.

म्हातारी गोठ्यात घसरून उजवं मनगट मोडून बसली, तेव्हापासूनचं हे शिकवणं. रेडकू मेल्यावर म्हैस फक्त म्हातारीच्याच हाताला पान्हवायची. सून बसली की पान्हा चोरायची, थेंब सोडायची नाही. लेकानं सांगून टाकलं, आज धार निघाली तर ठीक, नाहीतर विकायची. नुसतं वैरण खाणारं जनावर दारात नको. गुरांचा दलाल येऊन बसलाच होता. आपली दोरीसुद्धा त्यानं म्हशीच्या गळ्यात अडकवली होती, उतावळा मेला!

बाहेर आभाळ दाटलेलं, वारा पडलेला. गोठ्यात जीव गुदमरत होता.

"कास धुतलीस?"

"धुतली."

"तेलाचा हात लावलास?"

"लावला."

म्हातारीनं वाकून बघितलं. बोटं बरोबर चालत होती, दात मात्र आवळलेले. "अगं, सगळं येतंय तुला, पण करतेयस रागानं. मुक्या जनावराला कळतं ते. जरा मायेनं हात फिरव की तिच्या पाठीवरून!"

सून ताडकन उठली. "माया? लग्न होऊन आल्यापासून राबतेय इथं. माझ्या पाठीवरून कुणी फिरवला हात? मला मिळालीच नाही ती हिला कुठून देऊ, आई?"

म्हातारीला ते लागलं. खरंच की. चुका काढायला ती सदा हजर, शाबासकीला कधी नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"झालं का?" बाहेरून दलाल ओरडला.

"गप बस रे!" म्हातारी कडाडली. मग तिनं सुनेला खाली बसवलं आणि डावा हात तिच्या पाठीवर ठेवला. हाताला सवय नव्हती, अवघडला. "चुकलं माझं, पोरी. बस."

सुनेनं म्हशीच्या कुशीला कपाळ टेकलं आणि हमसून हमसून रडली. रडता रडताच म्हशीशी काहीबाही बोलत राहिली. बोटं आचळांवर तशीच. म्हशीनं मागचा पाय उचलला. म्हातारी बादली धरायला पुढं झाली. पण पाय ऐसपैस रोवला गेला आणि बादलीत धार वाजली. मग दुसरी.

दलाल दारात आला. बादलीचा तळ जेमतेम झाकला होता. "एवढंच?" तो हसला.

सुनेनं डोळे पुसले, म्हशीच्या गळ्यातली त्याची दोरी सोडली आणि त्याच्या हातात दिली.

"एवढंच. शिकतोय अजून आम्ही. मी पण, आणि आई पण."