बिनठिपक्याचे बोल्ट

गुणाजीने क्लचप्लेट उतरवून बाजूला ठेवली, इंजिनामागच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, टॉर्च मारला आणि त्याच्या बोल्टला पाना लावला. पहिला हलला नाही. दुसरा, तिसरा, चौथाही नाही. पाचवा नुसत्या बोटांनी फिरला. सहावा तसाच, बाहेर आला तेव्हा त्याचे आटे पार झिजलेले.

"सापडलं का रे?" गॅरेजच्या दारात स्टुलावर बसलेल्या ग्रेसीने विचारलं.

"बघतोय, वहिनी."

गाडी तिच्या नवऱ्याची, आग्नेलोची. काळाचौकीच्या या गॅरेजात आग्नेलो आणि गुणाजी वीस वर्षं भागीदार होते. आग्नेलोला जाऊन आता वर्ष झालं. ग्रेसीला गाडी येत नाही. माझगावला घराखाली दर रविवारी, चर्चमधून आली की, ती नुसतं इंजिन चालू करायची, बॅटरी मरू नये म्हणून. आणि आतून कोणीतरी ठोकायचं.

"क्लच दाबला की गप्प," सकाळी गाडी ओढून आणली तेव्हा ती म्हणाली होती. "पाय काढला की परत टक टक. मला वाटतं तोच आहे. काहीतरी सांगायचंय त्याला."

गुणाजी तेव्हा हसला होता. आता त्याने टॉर्च आणखी जवळ नेला. घट्ट असलेल्या चारही बोल्टांवर लाल ठिपके होते. बोल्ट पुरता कसला की आग्नेलो त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. सगळे त्याची टर उडवायचे. ढिल्या दोघांवर ठिपका नव्हता.

पाच वर्षांपूर्वी, गणपतीच्या तोंडावर, एकाच दिवशी ही गाडी आणि रामदास नावाच्या गिऱ्हाइकाची टॅक्सी उघडली होती. दोन्हींचे चार-चार बोल्ट कसून आग्नेलो दवाखान्यात गेला. जाताना म्हणाला, उरलेले तू कस. गुणाजीला मंडळाचा गणपती आणायला जायची घाई. त्याने हातानेच फिरवून ठेवले, पाना उद्या मारू म्हणून. उद्या कसला येतोय! महिन्याभरात टॅक्सीचं फ्लायव्हील सुटलं आणि रामदासचा पाय कायमचा अधू झाला. आग्नेलोचा हात ढिला पडला, असं लोक म्हणाले. गुणाजीने तोंड उघडलं नाही. आग्नेलो गॅरेज सोडून गेला. माझे घट्टच होते, असं गुणाजी तेव्हापासून स्वतःला बजावत आला होता.

ग्रेसी उठून मागे येऊन उभी राहिली.

"खरं सांग, गुणाजी. ही पण त्याचीच चूक ना?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. गुणाजीने उरलेले चारही बोल्ट काढले आणि सहाच्या सहा तिच्यापुढे धरले.

"ठिपकेवाले त्याचे. हे दोन माझे. टॅक्सीतले पण माझेच होते, वहिनी. देवाशप्पथ, माझेच."

तिने एका लाल ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली. "टॅक्सीनंतर त्याने ही गाडी जागची हलवली नाही. दुसऱ्या मेकॅनिकला हात लावू दिला नाही. म्हणायचा, गुणाजीच उघडेल. जाईपर्यंत चार वर्षं वाट बघितली रे तुझी."

गुणाजीने फोन करून नवे बोल्ट मागवले.

संध्याकाळी नवे बोल्ट आले. गुणाजीने पाना उचलला तेव्हा ग्रेसीने पर्समधून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि त्याच्या तेलकट हातावर ठेवली.

"कसून झाल्यावरच लाव, हां."