तळ्यात न गेलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. आता मला भिंत म्हणून कुणी ओळखणार नाही. पण चाळीस वर्षं मी चेन्नईच्या पेरुंगुडीत, बँक कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत उभी होते. तेव्हा तिथे काचेची ऑफिसं नव्हती. खिडकीतून दलदल दिसायची आणि संध्याकाळ झाली की बेडकांचा गलका सुरू व्हायचा.

माझ्या आडोशाला रघुराम आणि त्रिपुरसुंदरीबाई हे तंजावरकडचं मराठी जोडपं राहायचं. रघुराम बँकेत कारकून होते. बाईंनी माझा एक भाग काळा रंगवून त्याचा फळा केला होता. शाळेत तमिळ शिकणारी वसाहतीतली मराठी मुलं शुक्रवारी माझ्यासमोर बसून बाराखडी गिरवत. बाईंचं मराठी जुन्या वळणाचं. पुण्याहून बदली होऊन आलेल्यांची मुलं ते ऐकून हसायची, मग बाईही हसायच्या. खडूच्या धुळीनं माझं अंग पांढरं व्हायचं. फार सुखाचे दिवस होते ते!

मुलं मोठी होऊन पांगली. रघुरामही गेले. खाऱ्या वाऱ्यानं माझे पोपडे सुटले. एका पुरात मी तीन दिवस पाण्यात उभी राहिले आणि ओल कायमची मुरली. पुढे मला कुणी रंग दिला नाही. शेवटी इमारत पाडायचं ठरलं.

मला पाडलं त्या दिवशी बाई फाटकाशी आल्या. राडारोडा लॉरीत भरला जात होता. लॉरीचा ड्रायव्हर नागोजी, तोही तंजावरकडचाच.

"हे कुठं नेतोस रे?" बाईंनी विचारलं.

"तळ्याच्या काठी, अम्मा. राडारोडा दळून विटा करणारा कारखाना असला माल घेत नाही. तारा, प्लास्टिक, लाकूड, सगळं मिसळलंय."

"तळं म्हणजे उकिरडा का? तळी बुजवली, म्हणून तर पाणी आमच्या घरांत शिरलं!"

"मी काय करू? मुकादम सांगेल तसं."

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई एका पालथ्या घमेल्यावर बसल्या आणि माझ्या तुकड्यांतून विजेच्या तारा ओढून काढू लागल्या.

"राहू द्या अम्मा, काच लागेल," नागोजी म्हणाला. बाईंनी मान वर केली नाही. तेव्हा तोच खाली उतरला. मुकादम आधी ओरडला, मग वरमला. मजुरांनीही हात लावला. दुपारपर्यंत लाकूड, तारा, प्लास्टिक निराळं झालं आणि मी कारखान्याच्या वाटेला लागले.

तिथलं यंत्र मला चावून बारीक करू लागलं. खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. मग मला चाळलं, धुतलं. माझी थोडी वाळू झाली, थोडी खडी. त्यात सिमेंट मिसळून मला साच्यात दाबलं आणि माझे पेव्हर ब्लॉक झाले.

काही दिवसांनी बाई कारखान्यात आल्या. तिथल्या सुपरवायझर जयंतीला म्हणाल्या, "यातलं आमच्या घरचं कुठलं?"

"कसं सांगू, मामी? शंभर घरं इथे एकत्र दळली जातात."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी जवळच्या एका ब्लॉकवरून हात फिरवला. मग हलकेच म्हणाल्या, "बरंच झालं. वेगळं काढून दिलं असतंस, तर मी ठेवलं असतं तरी कुठं?"

आज मी एका दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर आहे. माझ्यावरून चाकाच्या खुर्च्या जातात, कुबड्या टेकत माणसं जातात. माझ्या शेजारी कुणाच्या घरच्या भिंती आहेत, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, घर पाडाल तेव्हा आम्हांला तळ्यात लोटू नका. आमच्यातला कचरा आधी निराळा करा, एवढीच विनंती. चाळीस वर्षं आम्ही उभं राहून काढली. आणखी चाळीस वर्षं आडवं पडून काढायची आमची तयारी आहे.