घंटा मुकी असते तेव्हा

मी खटखट्या बोलतोय. नाव ऐकून हसू नका. बारशाला मला कुणी विचारलं नव्हतं. मुठीची एक जाड फळी आणि तिच्या दोन्ही अंगांना बिजागरीवर झुलणारे दोन लाकडी हातोडे, एवढाच माझा देह. मूठ धरून हलवलं की खट-खट-खट असा कोरडा आवाज येतो. गोड म्हणावा असा तो नाही, आणि मुळात तो गोड असायलाच नको.

मला घडवणारा सुतार शवपेट्या करायचा. एका पेटीची फळी उरली, तिचा मी झालो. ठोकून बघत तो म्हणाला होता, "आवाज बरा आहे. अंगावर काटा येतो." आणि त्यानं मला चर्चला देऊन टाकलं.

वर्षातले तीनशे बासष्ट दिवस मी वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात पडून असतो. शेजारी मेणबत्त्यांची थोटकं आणि एक धूपदाणी. धूपदाणी भारी शिष्ट आहे, दर रविवारी मिरवून येते. माझी पाळी येते ती पवित्र गुरुवारी. त्या संध्याकाळी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गौरवगीत सुरू झालं की सगळ्या घंटा एकदम वाजतात आणि मग गप्प होतात. प्रभूला धरून नेलं, त्याला क्रुसावर दिलं, त्या तासांत आनंदाचा सूर नको म्हणून मनोऱ्यातल्या मोठ्या घंटेचा दोर वर बांधून टाकतात. वेदीवरचं कापडसुद्धा काढतात. संतांच्या पुतळ्यांवर जांभळे पडदे असतात. पुनरुत्थानाच्या मिस्सेपर्यंत बोलायचं ते मीच.

शुक्रवारी दुपारी तीनला, प्रभूनं प्राण सोडला त्या वेळेला, मला खालच्या आळीत नेतात. धडधाकट माणसं तेव्हा वर टेकडीवर चर्चमध्ये असतात. ज्यांना चढ चढवत नाही ते म्हातारे, आजारी आणि बाळंतिणी घरीच राहतात. त्यांच्यासाठी माझी फेरी. माझा आवाज कानावर पडला की असेल तिथं गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे आणि मी थांबेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नाही, पण ती मोडलेली मी कधी पाहिली नाही.

मला वाजवणाऱ्याला सगळे घंटामामा म्हणतात. चर्चची झाडलोट, दिवेबत्ती, घंटा, सगळं त्यांच्याकडे. बायको लवकर गेली. एकुलत्या लेकीला त्यांनी आणि त्यांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, वाढवलं. लेकीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिसऱ्या खेपेला मामा संत आन्नाच्या पुतळ्यापुढे उभे राहिले. मरियामातेची आई ती, लेकीची काळजी तिला सांगायची नाही तर कुणाला? "माझी लेक सुखरूप सुटू दे," ते म्हणाले, "गुरुवारची घंटा बांधल्यापासून ती परत वाजेपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही."

पवित्र आठवडा सुरू झाला त्याच रविवारी लेकीला मुलगी झाली. धट्टीकट्टी, आणि आवाज तर असा की वरच्या आळीपर्यंत जावा. मामा नुसते हसत होते. आक्कानं मात्र त्यांना बाजूला घेऊन बजावलं, "आता नवस पाळ हो. बोललेलं मोडलं की दिलेलं परत घेतात." मामांचं हसू तिथंच मावळलं.

त्या आठवड्यात पाऊस लागला तो थांबेचना. नदीकडेला मातीदगडाचा बांध आहे आणि त्याला लागूनच खालची आळी. बांधाला काही झालं की मनोऱ्यातली घंटा घाईघाईनं वाजवायची आणि आळीनं टेकडीकडे धाव घ्यायची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गुरुवारी संध्याकाळी घंटा बांधली गेली. मामांनीच बांधली, दुहेरी गाठ मारून.

शुक्रवारी पावणेतीनला मामा मला घेऊन उतरले. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. आळीच्या टोकाला, बांधापाशी ते थबकले. बांधाच्या पायथ्यातून मनगटाएवढी गढूळ धार उसळत होती. आमच्या डोळ्यांदेखत एक दगड निसटला आणि धार मांडीएवढी झाली.

मामांनी वर मनोऱ्याकडे पाहिलं. चढ चढायला वेळ लागला असता, पण खालून हाक मारली असती तर घंटेपाशी कुणीतरी गेलं असतं. त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता ओरडतील. तोंड तसंच मिटलं. शुभ शुक्रवारी घंटा? आणि नवस? समोरच्याच घरात पाच दिवसांची नात निजली होती. बोललेलं मोडलं की दिलेलं परत घेतात.

त्यांनी मला वाजवायला सुरुवात केली.

जीव खाऊन वाजवलं हो. माझे हातोडे बिजागरीतून निखळतील की काय असं झालं. आणि खिडक्याखिडक्यांतून मला दिसलं, माणसं गुडघे टेकत होती. मामांनी आणखी जोर लावला. तशी माणसं आणखी वाकली. आज तीनचा प्रहर जास्तच जड आहे, असं त्यांना वाटलं असेल. शेजारच्या घरात खाटेला खिळलेले एक आजोबा होते, घड्याळं दुरुस्त करायचे म्हणून घड्याळवाले; ते तर दोन्ही हातांनी खाटेचा पाय धरून खाली उतरले आणि गुडघ्यावर बसले. मी थांबलो असतो तर ही माणसं उठली असती. पण मला थांबवणारा हात माझा नाही. 'नमो मरिया'ची प्रार्थना दहादा म्हणून होईल एवढा वेळ मी वाजत राहिलो, आणि माझ्या प्रत्येक ठोक्यानं ती माणसं जागच्या जागी खिळत गेली.

शेवटी बाळ रडलं. त्याला कुणी रीत शिकवली नव्हती. लेकीनं डोळे उघडले आणि खिडकीतून बापाचा चेहरा पाहिला.

"आत्या, चल. बाबांचं काहीतरी बिनसलंय."

आक्का डोळे मिटूनच पुटपुटली, "खटखट्या वाजतोय. हलू नकोस, पाप लागेल."

लेक बाळाला घेऊन तशीच दारात आली. "बाबा, काय झालं? बोला ना!"

"पळा!" मामा ओरडले. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. "बांध गेला! उठा सगळे, पळा!"

मला त्यांनी चिखलात टाकलं, बाळाला उचललं, लेकीला पुढे ढकललं. हाका मारत ते दारोदार धावले. बरीच माणसं निघाली, एकमेकांना ओढत, अनवाणी. मामा आक्कासाठी मागे वळले तेवढ्यात बांध फुटला.

दोघं गेली. आक्का आणि घड्याळवाले आजोबा.

मी दुसऱ्या दिवशी कुंपणाला अडकलेला सापडलो आणि गावानं त्याचा चमत्कार केला. "सगळं वाहून गेलं, पण खटखट्या बुडला नाही!" अहो, मी लाकूड आहे. लाकूड पाण्यावर तरंगतं, त्यात चमत्कार कसला? पण ऐकतंय कोण. माझ्या मुठीला रेशमी फीत बांधली गेली. बाया येऊन मला ओठ लावायला लागल्या. "आक्काचं सोनं झालं. तीनच्या ठोक्याला, गुडघ्यावर गेली," असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला ते शब्द ऐकवेनात.

एका दुपारी मामा फादरांसमोर, माझ्याच कपाटापाशी, मटकन खाली बसले.

"फादर, घंटा वाजवता आली असती."

"मग का नाही वाजवलीत, मामा?"

"वाटलं, देव रागावेल. आणि बाळाला परत नेईल."

फादर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. मग म्हणाले, "घंटा आपण मुकी ठेवतो ती आपल्याला त्याचं दुःख कळावं म्हणून. त्याला आवाज खपत नाही म्हणून नव्हे. शुक्रवारी तीनला क्रुसावरून तो स्वतः मोठ्यानं ओरडला होता, मामा. आणि संत आन्ना आजी आहे. आजी दिलेलं बाळ परत मागते होय?"

मामा तोंड झाकून रडले. मीही रडलो असतो, पण वाळलेल्या लाकडाला ते जमत नाही.

फादरांनी पुढच्याच रविवारी वेदीवरून सांगितलं, "शुक्रवार असो की आणखी काही, बांधाची घंटा वाजली तर पळायचं." लोकांनी माना डोलावल्या. बाहेर पायऱ्यांवर मात्र कुजबुज झाली, "शुक्रवारची घंटा? भलतंच! वाजलीच तर कान झाकून घेऊ."

आता वर्ष झालं. आज पवित्र बुधवार. मला पुसून, नवी फीत बांधून बाहेर काढलंय. दोन दिवस पाऊस आहे. बांधाला जिथं सिमेंट भरलं तिथं ओल दिसते, असं दूधवाला म्हणत होता. खालच्या आळीतल्या बायांनी ठरवलंय, यंदा आक्काच्या आठवणीसाठी खटखट्या थांबल्यावरही अर्धा तास उठायचं नाही.

मघाशी लेक नातीला घेऊन आली होती. पोरगी नुकतीच पाऊल टाकायला लागलीय. एका शेजारणीनं मला कौतुकानं हलवलं, खट-खट-खट. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, चिमुकले गुडघे जमिनीला टेकले, हात जोडले आणि डोळे घट्ट मिटले.

"अगंबाई, किती शहाणं गं माझं! कुणी शिकवलं?" सगळ्या हसल्या, टाळ्या पिटल्या. मामांच्या हातातली मेणबत्ती खाली पडली.

मला वाजता येतं, बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणी शुक्रवारी तिच्या जवळपास असलात, तर माझ्या वतीनं एवढंच तिच्या कानात सांगा: बाळ, ऊठ.