नवरीची शिंगं

फर्माईश येईल ते चित्र कात्रीनं कागदातून कापून दाखवणाऱ्या गुरूंचा हात थरथरायला लागला म्हणून रंगमंचावरची त्यांची जागा मिनेकोला मिळाली, तीही आधी दहा दिवस पारखून बघण्यापुरती. टोकियोच्या असाकुसा भागातल्या त्या छोट्या थिएटरचे मालक कुवाबारा यांनी अटच घातली होती: प्रेक्षकाची एक जरी फर्माईश हुकली, तरी जागा गुरूंच्या पुतण्याला. पुतण्याला साधं पानही धड कापता येत नव्हतं, पण तो पुरुष होता. कात्रीला मिशा लागतात का, असं मिनेकोनं तोंडावर विचारलं, तेव्हा कुवाबारा म्हणाले होते, "हिला शिंगं फुटलीत."

आज दहावा दिवस, दुपारचा खेळ. बसल्या जागी डोलत, गप्पा मारत तिनं बगळा कापला, मग सुमो पहिलवान. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतला लालबुंद चेहऱ्याचा एक गृहस्थ ओरडला, "नवरी काप. कागदावर तरी होऊन बघ."

लोक हसले. पडद्याआड कुवाबाराही हसले आणि मिनेकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण फर्माईश नाकारायची नाही, हा या कलेचा पहिला नियम.

"कापते की," ती म्हणाली. "तुम्ही अहेराचं बघा."

पांढरा कागद कात्रीत फिरू लागला. किमोनोचा घोळ झाला, खाली घातलेली मान झाली. राहिली डोक्यावरची रुंद पट्टी. तिचं नावच शिंगझाकणी. नवरीचा राग, हेवा, जे काही उगवेल ते हिच्याखाली दडपायचं आणि मुकाट सासरी जायचं. इथे कात्री थांबली. गुणी नवरी कापली की जागा पक्की, हे तिला ठाऊक होतं. तरी पट्टीच्या वर तिनं आणखी दोन वळणं घेतली.

कापलेला कागद तिनं काळ्या फळ्यावर धरला आणि नवरी झळकली. शिंगझाकणीतून दोन टोकदार शिंगं वर आली होती. कोणी हसेना. रिवाजाप्रमाणे मिनेकोनं दोन्ही हातांनी तो कागद त्या गृहस्थाला दिला आणि त्यालाही तो वाकून घ्यावा लागला.

"ही नवरी नव्हे," कुवाबारा पडद्याआडून फिस्कारले. "हुकलीस तू. ऊठ."

"शिंगंच नसती तर झाकणी कशाला शिवली असती, साहेब?"

ती हळू बोलली नव्हती. मागच्या रांगेतली एक म्हातारी खुदकन हसली, मग तिच्या शेजारणी, मग सगळ्याच बायका. म्हातारीनं हात वर केला.

"पोरी, मलाही तीच नवरी. शिंगं जरा मोठी काढ."

कुवाबारांनी पुन्हा ऊठ म्हणून खुणावलं. पण फर्माईश आली होती. मिनेकोनं नवा कागद घेतला.