बॉनेटवरचा तांब्या

गुरुवारी सकाळी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. चपलांचा ढीग फाटकाबाहेरच्या गटारीपर्यंत जायचा. माणसं आमच्या पांढऱ्या मोटारीकडं तोंड करून हात जोडून बसायची. केरबा महाराज बॉनेटवर, काचेच्या अगदी बुडाशी, एकवीस तांबे पाणी घालायचे, झेंडू-दूर्वा वाहायचे, डोळे मिटायचे. जरा वेळानं घोगऱ्या आवाजात विचारायचे, "सायेब, हायसा न्हवं?"

किल्ली घरात खुंटीवर असायची. तरी बंद मोटारीच्या पोटातून घूं असा आवाज सुरू व्हायचा आणि बायका डोक्यावरचा पदर सारखा करायच्या.

सायेब म्हणजे हंबीरराव, माझे यजमान. त्यांना जाऊन वर्ष होत आलेलं. आंघोळ झाली की मोटारीवर तांब्याभर पाणी, हळदकुंकू, दोन फुलं, मगच किल्ली, हा त्यांचा नेम. ते गेल्यावर तो मी माझ्या नेमांत घेतला. आधी पोथी, मग तुळस, मग मोटार. एका सकाळी पाणी घातलं आणि मोटार घुमली. मी तांब्या धरून पायरीवरच बसले. कित्येक महिन्यांत त्या घरात मला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

मी शेजारच्या बापूसोंना सांगितलं, बापूसोंनी मठातल्या केरबाला आणलं. केरबानं निदान केलं की सायबांचा जीव मोटारीत अडकलाय, त्यांना तहान लागलीय, पाणी वाढवा. पाणी वाढवलं तसं घुमणंही वाढलं. घुमून घुमून बॅटरी उतरायची. बापूसो दर बुधवारी ती चार्ज करून आणायचे. सायबांच्या श्वासाला बॅटरी कशाला लागते, हे एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मग केरबानं आवाज खाली आणून सांगितलं, अमावास्येला मोटार त्याच्या मठाच्या नावावर करून तिथंच सोडा, जीव मोकळा होईल. नाहीतर सायेब असेच तडफडत राहतील. मला ते जायला नको होते, आणि तडफडायलाही नको होते. शेवटी मी कबूल झाले. पण मोटार सुरूच होईना. सायबांचा पाय निघत नाही, असं केरबा म्हणाला. मी मात्र शिरोलीच्या रूपालीला फोन केला. मोटारींचं वायरिंग बघणारी, ह्यांच्या ओळखीतली मुलगी. मठापर्यंत जाईल एवढी चालू कर, इतकंच मी तिला सांगितलं.

ती भर गुरुवारी आली. तिनं स्टिअरिंगखाली एक वायर जोडली, हातातल्या यंत्राकडं पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पोरी, तुझ्या मशिनीत आत्मा दिसतोय व्हय?" केरबानं विचारलं. माणसं हसली.

"आत्मा ऱ्हाऊ दे, महाराज. इंजनाचा कंप्युटर दिसायला पायजे, त्योबी दिसना."

मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, आवाज नेमका कधी येतो. पाणी घातल्यावर, मी म्हणाले. ती काचेच्या बुडाशी वाकली.

"महाराज, आज आधी हाक मारा. पाणी मागनं घाला."

कोरड्या घशानं सायेब बोलत नाहीत, तिथी बरी नाही, असं बरंच काही केरबा बोलला. पण गर्दी वाट बघत होती. त्यानं हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर ह्यांचं अख्खं नाव घेऊन. मोटार गप्प. रूपालीनं तांब्या उचलला आणि तोंडातून अक्षर न काढता ओतला. मिनिटाभरानं घूं.

"बघा, तान भागली," केरबा म्हणाला. या वेळी कुणी हात जोडले नाहीत.

रूपालीनं काचेखालची काळी जाळी उचकटली. आत वर्षाचं निर्माल्य. कुजलेला झेंडू, दूर्वा, कुंकवाचा चिखल. पाणी वाहून जायचं भोक त्यानंच बुजत आलेलं, पाणी थेंबाथेंबानं ओसरणारं, आणि आत्ता साचलेल्या पाण्यात एका डब्याच्या वायरींचा जोड बुडालेला, पिना हिरव्या पडलेल्या. तिनं एकेकाला वाकून बघायला लावलं.

"ह्यो कंप्युटर. रेडिएटरचा पंखा कवा फिरवायचा, ते ह्यो ठरवतोय. पाणी शिरलं की जोडातल्या वायरी आपसात भिडत्यात आन् पंखा बिनहुकमी फिरतोय. इंजनबी त्याच पाण्यानं सुरू होईना झालंय."

तिनं जोड उपसला. आवाज तिथंच तुटला. पिना घासून, जोड दुपारभर सुकवून तिनं परत बसवला, आणि मोटार एका किल्लीत सुरू झाली. केरबा तोवर त्या ढिगातून स्वतःच्या चपला शोधून निघून गेला होता.

"काकी, वाईट वाटलं?" रूपालीनं हळूच विचारलं.

"ते निर्माल्य मीच वाहिलंय गं." मी म्हणाले.

मी आजही गुरुवार धरते, पोथी वाचते, तुळशीला पाणी घालते. देवावरचा विश्वास तिळभर हललेला नाही, म्हणूनच सांगायचा धीर करते. तुमच्या दारात उद्या असं काही घुमलं, तर हात जोडण्याआधी जाळी उघडून बघा. पाण्याआधी हाक मारून बघा. देव त्यानं रागावत नाही. आणि तुमच्या शेजारी कुणी एकटी बाई असेल, तर तिच्याकडं दोन घटका बोलायला जा. तिला कुणी उत्तर देत असलं, तर केरबाला तिच्या दारात काही काम उरत नाही.

मोटार माझ्याकडंच आहे. किल्लीशिवाय ती बोलत नाही. गुरुवारी पोथी झाली की मी पायरीवर येऊन बसते. अंगणात आता एकच जोड असतो चपलांचा, माझा.