उघड्या झाकणाचा फोटो

मी एक पत्र्याची डबी बोलतेय. तळहातावर मावेन एवढीच. अंगावर ना नाव, ना रंग. पण भिवंडीतली चार माणसं आज दुपारपासून माझ्याभोवती बसून आहेत, आणि सगळ्यांचे डोळे एका फोनवर आहेत.

माझा जन्म मोहिउद्दीनचाचांच्या यंत्रमाग कारखान्यातला. तिथले फिटर रामदास यांनी मला घडवलं. जुन्या मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला, तरी माग आपला धडधडत राहतो आणि हातभर कापड वाया जातं. कारागिराने एकट्याने किती मागांवर डोळा ठेवायचा? म्हणून मला मागाच्या कडेला बसवलं. धागा तुटला की माझ्या पोटातला काटा पडायचा आणि माग जागच्या जागी थांबायचा.

पहिल्यांदा तो थांबला तेव्हा चाचा ओरडले, "बिजली गेली काय रे?"

बाकीचे माग चालूच होते. मग चाचा माझ्याकडे बघून हसले. "ए रामदास, ही तर चौकीदार निघाली!"

पेटंटसाठी अर्ज गेला. चाचांनी पैसे घातले. रामदासांचे मित्र मिलिंद, दापोड्याच्या गोदामात सुपरवायझर आहेत, त्यांनी आपली लेक धम्मदिना हिच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेली सगळी रक्कम घातली. पडघ्याला गाळा घेतला, माझ्यासारख्या हजारो डब्या करायला. पेटंट मिळालं तेव्हा कारखान्यात जिलेबी वाटली गेली.

आणि मग माझा एक जुना फोटो पुढे आला.

अर्जाच्या तीन महिने आधी खंडेनवमी होती. रामदासांच्या पत्नी मंदाताई यांनी पकड, पाने ही हत्यारं आणि मला पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं. मंदाताई व्रतावैकल्यांच्या, मनाने साध्या. "देवीपुढं तोंड झाकून बसू न्हाय गं," असं म्हणून त्यांनी माझं झाकण उघडलं, फुलं वाहिली, फोटो काढला आणि कौतुकाने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मला काय कळणार! मी तर नटून बसले होते.

पेटंटचा नियम असा, की अर्जाआधी वस्तू जगाला दाखवली तर ती नवी राहत नाही. बाहेरगावच्या एका कंपनीने, फिरत फिरत हाती लागलेला, माझं पोट उघडं दाखवणारा तोच फोटो पुढे करून हरकत घेतली आणि फेरतपासणी लागली. पेटंट गेलं तर ती कंपनी ढिगाने माल काढणार, आणि पडघ्याच्या गाळ्याचं शटर उघडण्याआधीच खाली.

मिलिंद चाचांना घेऊन रामदासांच्या घरी आले. "वहिनी, फोटोवर तारीख कुठाय? अर्जानंतरच्या नवमीचा आहे, एवढंच लिहून द्यायचं. कोण बघायला बसलंय?"

मंदाताई तांदूळ निवडत होत्या. "जिच्यापुढं काढला, ती बसलीय ना भाऊजी."

"मग माझ्या पोरीची फी ती भरणार काय?"

ताईंचा हात सुपातच थांबला. त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, "बेटी, मला नको विचारू. माझे पण पैसे अडकलेत, माझ्या जिभेचा भरोसा नाही."

दुसऱ्या दिवशी ताईंनी प्रतिज्ञापत्रात खरी तारीख लिहिली. त्यानंतर महिनाभर मिलिंद या घरात चहाला आले नाहीत.

सुनावणीत रामदासांनीही होतं तेच सांगितलं. फोटोतली डबी, म्हणजे मी, धागा तुटल्यावर माग थांबवते खरी. पण माग नुसता हादरला तरी घाबरून थांबवते. ही खोड घालवायला त्यांनी दिवाळीनंतर नव्या डबीत एक पितळी पट्टी बसवली. माझ्या पोटात ती पट्टी नाही. अर्जात मूळ डबीचा आणि पट्टीचा, असे दोन वेगळे दावे होते.

आज शुक्रवार. निकाल मेलवर येईल, असं वकिलांनी कळवलंय. मंदाताईंच्या संतोषीमातेच्या सोळा शुक्रवारांपैकी हा तेरावा. चाचा जुम्म्याची नमाज पढून थेट इथेच आलेत. मिलिंदही आलेत, पण दाराजवळच बसलेत. मधे गूळ-चण्यांची वाटी आहे.

"चाचा, प्रसाद आहे तो. जेवण न्हाय," मिलिंद म्हणाले.

"टेन्शनमध्ये हात चालतो रे माझा. घसा सुकला, लिंबू सरबत मागव."

"शुक्रवार आहे. या घरात आज आंबटाला बंदी."

"मग निकाल पण गोडच यायला पाहिजे!"

फोन वाजला. सगळे दचकले. रिचार्जची जाहिरात होती. मंदाताईंनी पुन्हा डोळे मिटले. चार वाजले. साडेचार. फोन परत वाजला. रामदासांनी तो उचलला आणि तसाच मिलिंदच्या हातात दिला. "तू वाच. माझ्याच्यान न्हाय होत."

मिलिंद हळूहळू वाचू लागले. "मूळ डबीचा दावा... रद्द."

चाचांच्या हातातले चणे सांडले. मंदाताईंनी पदर तोंडाशी धरला.

"थांबा, थांबा. पितळी पट्टीचा दावा... कायम."

"मतलब?"

"मतलब, ही डबी आता कुणीपण बनवू शकतं," रामदास म्हणाले. "पट्टीवाली फक्त आपण."

मिलिंदांनी फोन खाली ठेवला. "वहिनी, अर्जानंतरचा फोटो म्हटला असता, तर 'यात पट्टी का नाही?' असंच विचारलं असतं की त्यांनी. पट्टीपण गेली असती."

"चणे घ्या, भाऊजी," म्हणत मंदाताईंनी वाटी पुढे केली.

"माझ्या चाळीस मागांना चाळीस डब्या, पट्टीवाल्या," चाचा म्हणाले. "पोरीच्या पहिल्या वर्षाच्या फीचं होईल ना रे त्यात?"

मिलिंद दाराजवळून उठले आणि चाचांच्या शेजारी येऊन बसले.

आता माझ्यावर कुणाचाच हक्क राहिला नाही. ऐकलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण विचार केला, दोन जुने माग घेऊन बसलेला कुणी बाबा असेलच ना एखाद्या गल्लीत, ज्याला पट्टीवाली परवडणार नाही. त्याला माझी विनंती आहे: मला खुशाल बनवा. थोडा पत्रा आणि एक काटा लागेल. मी जरा भित्री आहे, कधी उगीचच माग थांबवीन. तेव्हा शिव्या देऊ नका. एकदा धागे बघून घ्या, आणि पुन्हा चालू करा.