आधी पाऊल कुणाचं

टोगोतल्या आनेहो गावच्या मैदानासमोर दोन बसगाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या होत्या आणि दोन्हींतून एकही पोरगं खाली उतरायला तयार नव्हतं. उपांत्य सामना होता. एका बसमध्ये बेनिनचा सतरा वर्षांखालचा फुटबॉल संघ, दुसरीत टोगोचा. आत हिरवळीवर पंच शिट्टी तोंडात धरून उभे. प्रेक्षकांचे शेंगदाणे कधीच संपले होते, आता ते एकमेकांवर टरफलं फेकत होते. बँडवाल्यांनी सराव म्हणून दोन्ही राष्ट्रगीतं इतक्यांदा वाजवली होती की एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाला लागायला लागलं होतं. आणि बेनिनचे कोच लोकोसू आपल्या बसच्या पायरीवर डोकं धरून बसले होते.

फाटकाखाली करणीचं काहीतरी पुरलंय, असं विगान आजोबांचं म्हणणं होतं.

हे विगान आजोबा म्हणजे गोलरक्षक दोसूच्या आजोबांचे धाकटे भाऊ. संघात ते कुठल्याच नात्याने बसत नव्हते. पण कोतोनूहून बस निघाली तेव्हा ते पुढच्या सीटवर आधीच ठाण मांडून होते, मांडीवर एक पांढरी कोंबडी घेऊन. आणि त्यांना उतरा म्हणायची ड्रायव्हरची छाती झाली नाही. सरहद्दीवर पोलिसाने कागदपत्रं मागितली तर आजोबांनी कोंबडी पुढे केली. पोलिसाने आजोबांकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं, आणि कोंबडीला सलाम ठोकून बस सोडली. बसमधली सगळी पोरं याला साक्षी आहेत. अशा माणसाने फाटकाखाली काहीतरी आहे म्हटल्यावर कोण उतरणार?

लोकोसूंची गोष्ट वेगळी. डोक्यावरचे केस पिकून गळाले, पण अंतिम सामना काही त्यांच्या नशिबी आला नव्हता. उपांत्य फेरीपर्यंत जायचे आणि तिथे घोडं अडायचं. एकदा ऐन पेनल्टीच्या वेळी मैदानाचे दिवे गेले. एकदा गोलपोस्टवर मधमाश्या येऊन बसल्या, त्याही नेमक्या यांच्या गोलरक्षकाच्या बाजूला. या खेपेचा संघ मात्र असा जमला होता की बघत राहावं. आणि तोही याच वर्षापुरता. या स्पर्धेत मनगटाचा फोटो काढून हाडांना वय विचारतात, आणि पुढच्या वर्षी यातलं एकही मनगट सतराच्या आतलं राहणार नव्हतं. दोसूला तर आत्ताच दाढीची लव फुटली होती. ती तो रोज खरवडत होता.

"आजोबा, उतरू द्या हो पोरांना," लोकोसू म्हणाले.

"उतरू दे की. मी काय धरून ठेवलंय? फक्त पहिलं पाऊल त्यांचं पडू दे."

"ते म्हणतात तुमचं पडू दे."

"म्हणणारच! ज्याने पुरलंय त्याला माहीत असतं काय पुरलंय ते."

"अहो, त्यांचाही एक म्हातारा आहे. तो म्हणतो आपण पुरलंय."

"आपण?" आजोबांनी कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. "छे. फाटकाखाली नाही."

"म्हणजे दुसरीकडे कुठे—"

"तू खेळाचं बघ, कोच."

लोकोसूंनी आभाळाकडे पाहिलं. मग उठून ते रस्त्याच्या मधोमध गेले. पलीकडून टोगोचे कोच आमुझू तसेच कपाळाला हात लावून येत होते. तरुणपणी दोघे वर्षानुवर्षं एकमेकांच्या नडग्या फोडत खेळले होते, त्यामुळे मैत्री पक्की होती.

"तुझा म्हातारा काय म्हणतो?" आमुझूंनी विचारलं.

"तुझा म्हणतो तेच."

"भिंतीवरून चढवू या का पोरांना?"

"भिंतीवर काचा आहेत. आणि भिंतीवरून चोर येतात असं आजोबांचं मत आहे."

"मग बरोबरीने? एक तुझा, एक माझा?"

दोघांनी फाटकाकडे पाहिलं. एक दार गंजून जमिनीत रुतलं होतं, दुसरं जेमतेम एक माणूस जाईल एवढं उघडत होतं.

तेवढ्यात विगान आजोबांना तोड सुचली. उलटं चालत जायचं. उलटा चालणारा आत जात नसतो, तो बाहेर येत असतो. पुरलेल्या वस्तूला वाटणार, हे तर निघाले, यांना काय धरायचं! पोरं हरखली आणि फाटकाकडे पाठ करून बसमधून उतरली. पण टोगोच्या म्हाताऱ्यालाही नेमकं हेच त्याच घटकेला सुचलं होतं. दोन्ही संघ पाठीमागे सरकत सरकत आले आणि फाटकाच्या तोंडाशी पाठीला पाठ थडकून थांबले.

"ए, ढकलतोस काय रे?" दोसू मागे न बघता ओरडला.

"तूच सरकतोयस, म्हशीएवढा!" टोगोचा बुटका स्ट्रायकर म्हणाला.

"जा की मग आत!"

"तू जा! आमच्याकडे पाहुण्यांना पहिला मान असतो!"

कुणीही हललं नाही. शेवटी फाटकातून मादाम ताप्सोबा बाहेर आल्या. त्या सामन्याच्या अधिकारी, बुर्किना देशाच्या, आणि त्यांचा आवाज बँडलाही दाबायचा. "काय चाललंय हे? मी सकाळपासून दहादा या फाटकातून ये-जा केली, मला काय झालं?"

"तुम्हाला कसं होईल, बाईसाहेब?" विगान आजोबा शांतपणे म्हणाले. "ते संघासाठी पुरलेलं असतं. पोस्टमन काय शेजारच्याचं पत्र तुमच्या घरात टाकतो?"

मादामनी घड्याळ वर धरलं. "पंचांनी आणखी एकदा शिट्टी वाजवली आणि तुम्ही हिरवळीवर नसलात, तर दोघेही बाद. घाना सकाळीच इथे दुसरा उपांत्य सामना जिंकून बसलंय. करंडक घेऊन जाईल आणि वाटेत तुमच्यावर हसत जाईल."

त्या वळून आत गेल्या. बावीस तरणीताठी पोरं पाठीला पाठ लावून उभी, पायांत वीज, आणि सगळी एका गंजक्या फाटकापुढे खांबासारखी रोवलेली!

"आजोबा, संघ म्हणजे कोण कोण? मीही त्यात येतो?"

"कोच नाही तर काय, स्वयंपाकी?"

"आणि जो पहिला जाईल त्यालाच सगळं लागणार? मागच्यांना काही नाही?"

"काही नाही. मधमाशी एकदाच डसते."

"मग झालं तर!" लोकोसूंनी आमुझूंचा दंड धरला. "हे बघ. तुमच्यांनी आमच्यासाठी पुरलेलं मी घेतो. आमच्यांनी तुमच्यासाठी पुरलेलं तू घे."

"आणि कुणीच काही पुरलं नसेल तर?"

"तर दोघं फुकट आत जाऊ. चल!"

"मला बायकोला विचारलं पाहिजे," आमुझू पुटपुटले. पण तोवर लोकोसूंनी त्यांना फाटकापर्यंत ओढलं होतं.

लोकोसूंचा या असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. निदान बसच्या पायरीवर बसेपर्यंत तरी नव्हता. पण पाऊल उचललं तेव्हा ते एवढं जड झालं की जणू कुणी बुटात सिमेंट ओतलंय. पोरांकडे बघितलं तर सगळी माना वळवून श्वास रोखून उभी. लोकोसूंनी डोळे मिटले आणि पाय आत टाकला. मागोमाग आमुझू पोट आत ओढून शिरले. वीज पडली नाही. फक्त कापलेल्या गवताचा वास आला.

मग काय! बावीस पोरं बांध फुटल्यासारखी आत घुसली, सरळ, तोंड पुढे करून. मागून राखीव पोरं. प्रेक्षकांनी आरोळी ठोकली. लोकोसूंचे डोळे भरून आले. ते आपल्या बाकाकडे धावले, आणि दोसूने दोन्ही पंजे आडवे धरून त्यांना अडवलं.

"कोच, तिथेच थांबा."

"का रे?"

"तुम्हाला लागलंय ना ते सगळं. आता आम्हाला लावता काय?"

"अरे गाढवा, तुमच्यासाठीच तर—"

"म्हणून तर," दोसू मनापासून म्हणाला. "उपकार आहेत तुमचे. पण जरा लांबून."

विगान आजोबांनी निकाल दिला की नुसतं लांबून भागणार नाही, दोघांनी भिंतीबाहेरच गेलं पाहिजे, नाहीतर ते ओघळेल. टोगोच्या म्हाताऱ्याने मान डोलावली. दिवसभरात दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. मादाम ताप्सोबांनी हात झटकले: कोच आत हवाच असा नियम नाही, आणि आता कुणी आणखी एक शब्द काढला तर त्या स्वतः शिट्टी वाजवतील.

भिंतीबाहेर एक बाई पिठाचे गोड गोळे तळत होती. तिच्या बाकड्यावर दोन्ही कोच शेजारी शेजारी बसले. आत राष्ट्रगीत सुरू झालं, या वेळी शेपटाशिवाय. लोकोसू उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिले. काचांपलीकडे पोरं रांगेत उभी असतील, दोसू टोकाला. बाईने न विचारताच बशी पुढे केली.

मोठा गलका झाला.

"गोल! कुणाचा?" आमुझूंनी विचारलं.

"आमचा. तुमचे लोक एवढं सुरात ओरडत नाहीत."

थोड्या वेळाने दुसरा गलका झाला, बेसूर. आमुझू खूश झाले.

लोकोसूंना राहवेना. बाकड्यावर चढून ते आपल्या बचावपटूला ओरडले, "तोसू! डावीकडे! डावी बाजू रिकामी आहे!"

"तुला काय दिसतंय इथून?"

"दिसायला कशाला हवं? त्याची डावी बाजू गेल्या वर्षापासून रिकामीच असते!"

आतून तोसूचा आवाज आला, "कोच, गप्प बसा, ओघळतंय!"

लोकोसू खाली बसले ते शेवटपर्यंत उठले नाहीत. सामना बरोबरीत सुटला, पेनल्टी सुरू झाल्या. प्रत्येक फटक्याला सगळं मैदान आधी मुकं व्हायचं, मग फुटायचं. दोघांनी एकमेकांचे हात इतके घट्ट आवळले होते की बाईला वाटलं यांच्या पोरांची लग्नं ठरली की काय. शेवटी एक लांब, सुरेल आरोळी उठली आणि "दोसू! दोसू!" असा जप सुरू झाला. आमुझूंनी हळूच हात सोडवला आणि लोकोसूंच्या पाठीवर थोपटलं.

फाटकातून पोरं धावत आली, घामाने निथळत. त्यांना बघून लोकोसूंनी दोन्ही हात पसरले. पोरं चार हातांवर येऊन कचकन थांबली.

"अंतिम सामना, कोच!" दोसू तिथूनच ओरडला. डोळ्यांत पाणी होतं, पण पाय जागेवर.

"अरे, मग ये ना जवळ!"

पोरांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी कोंबडीकडे पाहिलं. "उतरेल," ते म्हणाले. "पौर्णिमेला आपोआप उतरेल. तोवर कोच, तू बसमध्येही बसू नकोस. मोटारसायकल कर."

"पौर्णिमा पुढच्या आठवड्यात आहे! अंतिम सामना परवा इथेच आहे!"

"त्याला मी काय करू? तारीख काय मी काढली?"

बस पोरांच्या गाण्यासकट निघून गेली. आयुष्यभर ज्या दिवसाची वाट बघितली तो आला होता, आणि त्यात लोकोसूंची जागा काचांच्या अलीकडे होती. ते बाकड्यावर धपकन बसले.

"मावशी," ते म्हणाले, "परवा दुकान उघडं असतं ना?"

"असतं की. पण बाकडं रिकामं नाही." तिने कढईत नवे गोळे सोडले. "घानाचा कोचही सकाळी सामनाभर इथेच बसला होता बिचारा. जाताना परवासाठी जागा धरून गेलाय."

लोकोसूंनी खिशातली नाणी काढून बाकड्यावर ठेवली.

"मग त्याला सांगा," ते म्हणाले, "जरा सरकून बस."